फवारणी सोडली, खाज वाढली: बेळगावातल्या एका माळीकामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहराच्या कडेला एका शिक्षणसंस्थेचं बारा-एक एकरांचं आवार आहे. पुढच्या बाजूला हिरवळ, गुलाबाचे वाफे आणि थंडीत पायऱ्यांवर मांडायच्या शेवंतीच्या कुंड्या. मागे वाहनतळ आणि कुंपणालगत मोकळी पट्टी. कुणी मोठा पाहुणा यायचा असेल तेव्हाच या पट्टीची आठवण होते. बागेचं काम एका लहान कंत्राटदाराकडे आहे. मुकादम धरून नऊ माणसं, त्यांत चार बायका. बहुतेक जण आसपासच्या मराठी खेड्यांतून सायकलने किंवा बसने येणारे.

यातल्या सर्वांत अनुभवी माळ्याला सगळे मामा म्हणतात, इथंही तेच म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे. कॅम्पातल्या बंगल्यांमध्ये पोरवयात पाणी घालण्यापासून सुरुवात केलेली. शेवंती हा त्यांचा हातखंडा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

सुरक्षेची व्यवस्था वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं, म्हणजे सर्वांत विषारी गटांतलं, कीटकनाशक आवारात आणायचंच नाही असा नियम होता आणि तो पाळला जात होता. फवारणी सकाळी, वारा पाठीशी घेऊन. हातमोजे, मास्क, चष्मा दिलेले. काम झाल्यावर साबणाने अंघोळ. गवत कापायच्या मशीनसाठी बूट आणि जाळीचा मुखवटा होता, आणि मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत दुसऱ्या कुणी यायचं नाही हेही ठरलेलं होतं. धोक्यांच्या यादीत विष होतं, पातं होतं, विजेची वायर होती, साप होता. तण मात्र नव्हतं. ते कामांच्या यादीत होतं.

आणि मागच्या पट्टीत तण म्हणजे जवळजवळ सगळं काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. पुढे ते सगळ्या दख्खनभर पसरलं. कर्नाटकात तर १९७५ सालीच ते उपद्रवी तण म्हणून जाहीर झालं. एका झाडाला हजारांनी बी धरतं. आपल्याकडे वळवाचा पहिला सडाका पडला की ते उगवतं आणि महिना-सव्वा महिन्यात पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जातं. त्याच्या पानाखोडावरच्या केसाळ लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. या प्रकरणाचं मूळ तिथं आहे.

पूर्वी ही पट्टी बायका भांगलायच्या. पावसाची उघडीप मिळाली की खुरपं आणि बुट्टी घेऊन ओळीने बसायच्या, आणि गवत गुडघ्याला लागायच्या आत मुळासकट निघायचं. मग कंत्राटदाराने ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं हातात धरायचं मशीन, घेतलं. चार बायकांचं तीन दिवसांचं काम एक माणूस अर्ध्या दिवसात करतो, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा. मशीन धरणाऱ्याला रोजावर थोडा भत्ता ठेवला आणि ते काम मामांकडे आलं.

अडचण

मशीन आलं त्याच पावसाळ्यात, श्रावण संपता संपता मामांच्या पापण्या खाजू लागल्या. डोळे आले असतील म्हणून त्यांनी गुलाबपाणी घातलं. थंडीत खाज गेली आणि विषय संपला. पुढच्या वर्षी वळवाबरोबर ती परत आली. या वेळी पापण्या सुजल्या, मान आणि कानामागची कातडी लाल झाली, कोपराच्या आतल्या घडीला चिरा पडल्या. रात्री झोप नाही.

मामा औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक ट्यूब दिली. नायटा, इसब, पुरळ, कशालाही चालते असं सांगून विकली जाणारी. अशा मिश्र ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे आठ दिवसांत कातडी स्वच्छ दिसते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट भडकते. मामांचंही तेच झालं. ट्यूबमागून ट्यूब संपत गेली.

गणपतीपर्यंत कपाळाची कातडी जाड, काळपट आणि घड्या पडल्यासारखी झाली होती, कानाच्या पाळ्या फुगल्या होत्या. आणि मग ती कुजबुज सुरू झाली. गावाकडे जाड झालेला चेहरा आणि सुजलेले कान दिसले की एकच रोग आठवतो. घरात त्यांचं ताट वेगळं झालं. कामावर एका बाईने पाण्याचा तांब्या घरून आणायला सुरुवात केली. कुणी तोंडावर बोललं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मामा आपणहून पंपघराच्या पलीकडे जाऊन बसू लागले. या आजाराच्या नोंदीत खाज आणि सूज लिहिली जाते, हे कुठंच लिहिलं जात नाही. माझ्या मते कामावरून जाण्याची भीती जितकी होती, तितकाच हा भाग मामांना गप्प ठेवायला पुरेसा होता.

पहिला निर्णय: फवारणी बंद

मुकादम डोळे झाकून बसलेला माणूस नव्हता. मामांचा चेहरा बघून त्याने त्याच आठवड्यात ठरवलं, “मामा, हे औषधानं झालंय बगा. उद्यापासनं पंप धाकटा माळी घेईल, तुम्ही नुसतं मशीन धरा.” मामांनी मान हलवली. त्यांनाही तेच वाटत होतं. संस्थेच्या ऑफिसला कळवलं, तिथंही सगळ्यांना बरं वाटलं. धोका ओळखला आणि माणूस बाजूला काढला.

झालं उलट. फवारणीचा दिवस आठवड्यातून एखादा असायचा. तो गेला आणि त्याजागी मशीन आलं. त्यातच संस्थेत कार्यक्रम होता, म्हणून मागची पट्टी लख्ख करायची होती. काँग्रेस गवत तेव्हा ऐन फुलावर, कमरेएवढं. मशीनला नायलॉनची दोरी लावलेली. पातं खोड कापून आडवं पाडतं. दोरी पाला, फूल, लव सगळं चेचून भुकटी करते आणि उडवते. जाळीचा मुखवटा खडा अडवायला असतो, त्यातून ही ओली भुकटी सरळ आत येते. घामाने भिजलेल्या पापण्या, मान आणि शर्टाच्या गळ्यातला त्रिकोण ती धरून ठेवतात. ते तीन आठवडे मामांच्या आजारातले सर्वांत वाईट ठरले.

हा निर्णय चुकला तो कुठं? हेतूत नाही, घाईतही नाही. तो चुकला कारण बागेत विष म्हणजे बाटलीतलं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. तीन गोष्टी समोर दिसत होत्या. पहिली, मामा कित्येक वर्षं फवारणी करत होते आणि काही झालं नव्हतं. खाज आली ती मशीन आलं त्या वर्षी. दुसरी, औषधाशी सर्वांत जास्त संबंध हातांचा, आणि हातांचे तळवे जवळजवळ स्वच्छ होते. तिसरी म्हणजे थंडीत फवारणी चालूच असते. शेवंतीवर मावा पडतो, त्या वेळी तर जास्तच. तरी थंडीत खाज जात होती. “फवारणी नसते त्या दिवशी कमी वाटतं काय?” एवढा प्रश्न मामांना कुणी विचारला असता तर उत्तर तिथल्या तिथं मिळालं असतं.

निदान

गाडी वळली ती ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांच्या वडिलांना शेतात असंच झालं होतं. त्यांनी मामांना थांबवून पाहिलं, ऑफिसात जाऊन भांडल्या आणि त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी आधी वरच्या पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची जागा पाहिली. उन्हाने होणारा त्रास या तीन जागा बहुधा सोडतो, कारण तिथं सावली असते. हवेतून येणारी भुकटी मात्र नेमकी तिथंच साचते. कोपराच्या घडीतल्या चिराही त्याच बाजूने बोलत होत्या. ज्याची भीती होती त्या महारोगाची शक्यता त्यांनी तपासून बाजूला ठेवली आणि हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही हे मामांच्या मुलाला समोर बसवून सांगितलं.

पुढचा प्रश्न होता पॅच टेस्टचा. पाठीवर वेगवेगळ्या वनस्पतींच्या अर्काच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. आजार भडकलेला असताना ही चाचणी करत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पाठीला लावलेली ट्यूब चालू असली तर निकाल फसवा येऊ शकतो. म्हणजे आधी औषधाने शांत करायचं, मग चाचणी. त्या दिवसांत पाठीला पाणी लागायला नको, घाम यायला नको. माळ्यासाठी याचा अर्थ रोजगार बुडणं.

इथं प्रकरण जवळजवळ अडलं. मामांकडे ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, आपली माणसं दहाच्या आत, आपल्याला ते लागू नाही. संस्था म्हणाली, माणसं कंत्राटदाराची. काँग्रेस गवतच आहे हे उघड दिसतंय, मग चाचणीवर खर्च कशाला, असंही कुणी सुचवलं. डॉक्टरांचं उत्तर महत्त्वाचं होतं. कारण कळायला चाचणी लागेलच असं नाही, पण या माणसाने बागेत आणखी कशाकशाला हात लावायचा नाही हे तिच्याशिवाय कळणार नाही. शेवटी बुडालेला रोज संस्था आणि कंत्राटदार या दोघांनी निम्मा निम्मा द्यायचा असं ठरलं.

निकालात काँग्रेस गवत जोरात आलं, आणि त्याच्याबरोबर शेवंतीही. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. त्या कुळातल्या अनेक झाडांत एकाच जातीची द्रव्यं असल्याने एकाची अॅलर्जी दुसऱ्याला लागू पडू शकते. मामांना काँग्रेस गवताचं काहीच वाटलं नाही. शेवंतीचं ऐकून मात्र ते बराच वेळ डॉक्टरांशी वाद घालत बसले.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय कंत्राटदाराने बोलून दाखवला: मामांनी घरी बसावं. त्याने ते वाईट भावनेने म्हटलं नव्हतं. पण ही अॅलर्जी वारंवारच्या संपर्कातून हळूहळू तयार होते. मामा गेले तर मशीन दुसऱ्याच्या हातात जाणार आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तोही याच वाटेने जाऊ शकतो.

तणनाशक मारून टाकू, हा दुसरा पर्याय. गवत मरतं, खरं आहे. पण वाळलेल्या काडीकचऱ्यातही ते द्रव्य राहतं, आणि उभं वाळलेलं झाड वाऱ्याने चुरत राहतं. त्यामुळे नुसतं मारून भागत नाही, उचलावंही लागतंच. मिठाचं १५ ते २० टक्क्यांचं पाणी फवारायचा उपाय पडीक जागेसाठी सांगितला जातो. पट्टीच्या खालच्या अंगाला गुलाबाचे वाफे आणि बोअरवेल असल्याने तो सोडून दिला. काँग्रेस गवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला आणि पावसाळ्यात तो कुठं कुठं दिसतोही. पण कार्यक्रमाच्या तारखा तो पाळत नाही. एवढंच ठरलं की पट्टीवर कीटकनाशक मारायचं नाही, म्हणजे आलाच तर जगेल.

मामांना चांगला मुखवटा देऊन मशीन चालू ठेवावं, यावर बराच वेळ गेला. बंद काचेचा मुखवटा, पूर्ण बाह्या, गळ्याला कापड, रबरी हातमोजे. जुलैच्या दमटीत हे सगळं घालून तासभर मशीन धरून पाहावं, म्हणजे काय होतं ते कळतं. घाम डोळ्यांत उतरतो आणि माणूस काच वर करतो. शिवाय एकदा शरीर बिथरलं की अगदी थोडी भुकटीही पुरते. ज्याला अजून अॅलर्जी नाही त्याच्यासाठी साधनं ठीक. मामांसाठी तो मार्ग बंद होता.

राहिली भांगलण, म्हणजे जुनीच पद्धत. तिच्यावरचा आक्षेप योग्य होता: मामांचा त्रास बायकांच्या हातांवर ढकलायचा काय? पण दोन कामांत फरक आहे. फुलावर यायच्या आधी, ओल्या जमिनीतून, मुळासकट उपटलेलं वीतभर रोप हवेत काही उडवत नाही. आणि मशीनने कापलेलं काँग्रेस गवत बुडख्यातून पुन्हा फुटतं आणि जमिनीलगतच फुलतं. म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम दर महिन्याला पुन्हा करावं लागत होतं. मशीन आणताना केलेल्या हिशेबात हे धरलेलं नव्हतं.

काय केलं

काँग्रेस गवतावर मशीन चालवणं पूर्ण बंद केलं. फुलावर असो वा नसो. मशीन आता फक्त साध्या गवतावर चालतं, आणि त्याआधी कुणीतरी जागा फिरून बघतं.

वळवानंतर पहिली भांगलण आणि पुढे पावसाच्या उघडिपीप्रमाणे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणखी फेऱ्या ठरल्या, कारण बी एकदम उगवत नाही, प्रत्येक पावसाला नवी लाट येते. आधी कापडी हातमोजे दिले होते. बायकांनीच ते नाकारले. ओला कापडी मोजा रस धरून ठेवतो आणि दिवसभर हाताला चिकटून राहतो. मग मनगटाच्या वर येणारे रबरी घेतले. उपटलेलं गवत फुलाआधीचं असेल तरच कंपोस्टच्या खड्ड्यात जातं. कामाचे कपडे आवारातच बदलायचे आणि वेगळे धुवायचे असं ठरलं. त्यासाठी बायकांना दार लागेल अशी खोली हवी होती. जुनी पंपाची खोली साफ करून द्यायला संस्थेला महिना लागला. एवढ्या साध्या गोष्टीला महिना का लागावा, हे मला अजून समजलेलं नाही.

कुंपणालगत टाकळ्याचं बी टाकलं. टाकळा दाट माजला की काँग्रेस गवताला जागा उरत नाही, आणि कोवळा असताना बायका भाजीला नेतात.

सूचनांच्या कागदाचीही एक गोष्ट आहे. संस्थेचा सुरक्षेचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. धाकट्या माळ्याला कन्नड नीट वाचता येतं, मामांना आणि दोघी बायकांना फक्त मराठी. मुकादमाने तो मराठीत लिहून काढला आणि पंपघरावर चिकटवला. त्यात त्याने स्वतःहून एक ओळ घातली: खाज आली तर ट्यूब आणायची नाही, आधी सांगायचं. आता पगाराच्या दिवशी तो प्रत्येकाला पापण्या, मान आणि कोपर यांबद्दल विचारतो आणि वहीत टिपतो.

मामांना रोपवाटिका, गुलाब, कलमं आणि पाणी दिलं. शेवंती, झेंडू, डेलिया, अॅस्टर या सगळ्यांपासून लांब. शेवंती धाकट्याकडे गेली.

काय झालं

दिवाळीपर्यंत मामांना झोप लागू लागली. कपाळाच्या घड्या सावकाश उतरल्या. डॉक्टरांनी अॅझाथायोप्रीन हे शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं होतं. या आजारात आपल्याकडे ते बरंच वापरलं जातं. त्यासाठी ठरावीक अंतराने रक्त तपासावं लागतं आणि दर वेळी त्याचा खर्च कोण देणार हा वाद होतो. घरातलं वेगळं ताट बंद झालं. तांब्या घरून आणणाऱ्या बाईंनी काही म्हटलं नाही, एक दिवस आणणं बंद केलं एवढंच.

पण आजार गेलेला नाही. पुढच्या जूनमध्ये आवारातली पट्टी स्वच्छ असतानाही मामांच्या पापण्या पुन्हा लाल झाल्या. भिंतीपलीकडचा रिकामा प्लॉट पांढऱ्या फुलांनी भरला होता. या वेळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, औषध वाढवलं आणि ते भिंतीपासून लांबच्या कामाला गेले. आठ-दहा दिवसांत उतार पडला.

तिसऱ्या भांगलणीच्या वेळी एका बाईने मुकादमाला मान खाजत असल्याचं सांगितलं. तिला त्याच दिवशी पट्टीवरून काढून पाणी घालायला दिलं. तिची खाज आठवडाभरात गेली. ती काँग्रेस गवताचीच होती की घामाची, हे नक्की झालेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती पट्टीवर नसेल.

शेवंतीचं मात्र त्या वर्षी बिनसलं. धाकट्याने शेंडे उशिरा खुडले, फुटवे कमी आले, कुंड्या विरळ दिसल्या. मामा लांब उभे राहून सांगत होते, पण खुडणं लांबून शिकवता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मशीन घेतलं तेव्हा धोक्यांची यादी पुन्हा लिहायला हवी होती. यंत्र बदललं की यंत्राचे धोके सगळे तपासतात, म्हणजे पातं, आवाज, पेट्रोल. ते यंत्र कशावर चालणार आहे हा प्रश्न राहून जातो. खुरप्याखाली जे गवत निमूट होतं तेच दोरीखाली हवेत गेलं.

पहिल्या हंगामात पापण्या खाजल्या तेव्हाच डॉक्टर गाठले असते आणि संपर्क तोडला असता, तर कदाचित पुढच्या वर्षीचा जाड झालेला चेहरा टळला असता. पण त्यासाठी सांगणाऱ्याचा रोज बुडता कामा नये. मामा गप्प बसले त्यात मशीनच्या भत्त्याचाही हिशेब होता, हे त्यांनी पुढे कबूल केलं. आता त्यांना रोज पूर्वीइतकाच मिळतो, भत्ता गेला. आजारपणामुळे मशीनवरून काढलेल्या माणसाला निदान त्या हंगामापुरता भत्ता चालू राहावा, आणि ई.एस.आय.साठी माणसं कुणाच्या खात्यावर मोजायची ते कंत्राटातच लिहावं, अशा दोन सूचना संस्थेला दिल्या आहेत. दुसरी मान्य झाली. पहिलीवर कंत्राटदाराचं म्हणणं आहे की मग भत्ताच काढून टाकू. शेजारच्या प्लॉटबद्दल महापालिकेला अर्ज दिला आहे. मालक परगावी असतो.